दहावीचे वर्ष : घर, शाळा आणि अभ्यासिका

दरवर्षी निकाल लागला की आपण विहाराच्या सभागृहात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. गुलाबपुष्प, प्रमाणपत्र, अर्धा डझन वह्या व एखादे पुस्तक देतो. पालकांचे डोळे पाणावतात, छायाचित्रे निघतात. हा कार्यक्रम चांगलाच आहे व तो पुढेही व्हावा. परंतु ज्या मुलामुलींची नावे त्या यादीत नसतात ती त्या संध्याकाळी कोठे असतात, हा प्रश्न आम्ही अनेक वर्षे स्वतःला विचारलाच नव्हता. अभ्यासिकेचे काम हाती घेतल्यावर तो आमच्यासमोर आला. त्या कामात जे पाहिले आणि जे उशिरा समजले, ते येथे विद्यार्थी मित्रांसाठी व पालकांसाठी मांडत आहोत.

प्रथम परीक्षेविषयी. आपल्यापैकी वडीलधाऱ्या सभासदांनी अकरावीची जुनी मॅट्रिक दिली, त्यानंतरच्यांनी दहावी. दहावीअखेर शालान्त परीक्षा घेण्याची पद्धत राज्यात १९७५ पासून आहे. तेव्हापासून परीक्षेचे नाव तेच राहिले, आतील रचना मात्र पुष्कळ बदलली आहे. घरी मुलाला सल्ला देणारा बाप किंवा मामा बहुधा आपल्या वेळच्या परीक्षेविषयी बोलत असतो आणि मुलगा देत असतो वेगळीच परीक्षा.

आज मराठी, हिंदी, इंग्रजी या भाषांची लेखी परीक्षा प्रत्येकी ८० गुणांची व उरलेले २० गुण तोंडी व अंतर्गत कामाचे असतात. गणिताचे दोन भाग, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे दोन भाग, तसेच इतिहास-राज्यशास्त्र व भूगोल यांच्या प्रश्नपत्रिका ४० गुणांच्या असतात. शंभरात ३५ ही उत्तीर्ण होण्याची सर्वसाधारण मर्यादा सर्वांना ठाऊक असते. मात्र शाळेच्या हातातील त्या २० गुणांकडे आपल्या मुलांचे फार दुर्लक्ष होते. प्रयोगवही अपुरी, गृहपाठ अर्धवट, तोंडी परीक्षेच्या दिवशी गावाला गेलेले, असे प्रकार दरवर्षी घडतात. डिसेंबर-जानेवारीत एखादे लग्न निघाले की आई मुलाला चार दिवस सोबत नेते आणि नेमकी त्याच चार दिवसांत प्रात्यक्षिके होतात. लेखी परीक्षेत ३५ गुणांच्या काठावर अडखळणाऱ्या मुलाला हेच गुण तारतात. तेव्हा पालकांनी शाळेत जाऊन प्रात्यक्षिकांच्या व तोंडी परीक्षेच्या तारखा स्वतः विचारून घ्याव्यात.

दुसरा बदल भाषेच्या परीक्षेचा आहे. भाषेच्या प्रश्नपत्रिकेला आता कृतिपत्रिका म्हणतात. पूर्वी धड्याखालची प्रश्नोत्तरे पाठ केली की काम भागत असे. आता उतारा समोर दिलेला असतो, त्यावरून आकृती पूर्ण करायची, आपले मत लिहायचे, पत्र किंवा बातमी तयार करायची. पाठ्यपुस्तकाबाहेरचा उताराही येतो. आमच्या अभ्यासिकेत एक विद्यार्थी गाइडमधील उत्तरे पानेच्या पाने घडाघडा म्हणून दाखवीत असे. त्याच्या घरी सर्वांना वाटे की पोरगा हुशार आहे. पूर्वपरीक्षेत त्याला मराठीत फार कमी गुण मिळाले. उतारा वाचून त्यात काय म्हटले आहे ते दोन वाक्यांत सांग, असे आम्ही म्हटले तेव्हा तो गप्प बसला. त्याचा दोष नव्हता. पाठ करणे म्हणजे अभ्यास, हेच त्याला लहानपणापासून सांगितले गेले होते. त्यानंतर आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. अभ्यासिकेत येणाऱ्या प्रत्येकाने रोज वर्तमानपत्रातील एक बातमी वाचायची, पेपर मिटून ठेवायचा व ती बातमी आपल्या शब्दांत पाच ओळींत लिहायची. सुरुवातीला मुले कुरकुरली. दोन महिन्यांत फरक दिसू लागला आणि तो मराठीपुरता राहिला नाही, इतिहासाच्या उत्तरांतही दिसला.

आता गणित. आपल्या वस्तीत दहावीला मुले थांबतात ती बहुतांशी गणितात व इंग्रजीत. इंग्रजीविषयी स्वतंत्र लेख लागेल, येथे गणिताविषयीच लिहितो. दहावीचे गणित कठीण आहे म्हणून मूल नापास होते, हा समज आमच्या अनुभवाला उतरला नाही. वर्गसमीकरणाचे उदाहरण घ्या. अवयव पाडताना मुलाला असे दोन अंक शोधायचे असतात की त्यांचा गुणाकार उणे २० यावा व बेरीज १ यावी. उत्तर ५ आणि उणे ४. यात दहावीचे असे काहीच नाही. पाढे पाहिजेत आणि अधिक-उणे चिन्हांचा हिशेब पाहिजे, तो तर सहावी-सातवीचा. आमच्याकडे येणारी मुले नेमकी तेथेच अडकतात. पाढे कच्चे, अपूर्णांकांची भीती, उणे चिन्ह दिसले की गोंधळ. वर्गात शिक्षक पुढच्या प्रकरणावर गेलेले असतात, कारण त्यांना अभ्यासक्रम संपवायचा असतो. मुलाला ‘मला सातवीचे येत नाही’ असे दहावीच्या वर्गात म्हणण्याची लाज वाटते. मग ते मागच्या बाकावर बसून फळ्यावरचे उतरवून घेते आणि वही भरलेली दिसते.

यावर उपाय म्हणून आम्ही जून ते ऑगस्ट असे तीन महिने दहावीच्या मुलांना सहावी-सातवीची पुस्तके देतो. पालकांना हे प्रथम पटत नाही. एका वडिलांनी तर आम्हाला स्पष्टच सुनावले, “माझा पोरगा दहावीत आहे, तुम्ही त्याला मागं नेताय.” त्यांचे समाधान आम्ही शब्दांनी करू शकलो नाही, दिवाळीनंतरच्या चाचणीने केले. येथे हेही सांगावयास हवे की ही युक्ती सर्वांना लागू पडत नाही. दोघे-तिघे तरीही राहिले. गणिताच्या दुसऱ्या भागात, म्हणजे भूमितीत, कच्च्या मुलांनी भौमितिक रचना सोडू नयेत. कंपास नीट धरता आला, पेन्सिलीला टोक असले आणि प्रत्येक रचना पाच-सहा वेळा काढली की ते गुण हमखास पदरात पडतात.

समाजशास्त्रांच्या बाबतीत मुले फार कंटाळा करतात. २०१८ साली आलेल्या पुस्तकांपैकी भूगोलाच्या पुस्तकात भारत व ब्राझील या दोन देशांची तुलना आहे. दोन्ही नकाशे भिंतीवर शेजारी शेजारी लावून अभ्यास केला तर ते पुस्तक अर्धे सोपे होते. राज्यशास्त्राचा पहिलाच धडा संविधानाच्या वाटचालीचा आहे. आपल्या घरांतील मुलांना त्यात पैकीच्या पैकी गुण मिळत नसतील तर तो विचार करण्याचा विषय आहे.

अभ्यास किती तास करावा, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, हे आपण प्रत्येक सभेत सांगतो. जयंतीनिमित्त सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रमही ठिकठिकाणी होतात व त्यांमागील भावना मोलाची आहे. परंतु पंधरा वर्षांच्या मुलाला रोज हे ऐकवून आपण त्याला धाक घालतो, असे आमचे मत झाले आहे. चार तास बसून थकलेले मूल स्वतःला नालायक समजू लागते. बाबासाहेब १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले, त्या काळाचे वर्णन चरित्रकारांनी केले आहे. परळच्या चाळीतील एकच खोली, तीत सारा संसार. मुलाने लवकर झोपावे आणि रामजीबाबांनी जागत बसून त्याला पहाटे दोनच्या सुमारास, सगळीकडे सामसूम असताना उठवावे, असा क्रम. या हकिकतीतील वडिलांकडे आपले लक्ष जात नाही. त्या एका खोलीत मुलाला निजायलाही वेळ मिळावा व वाचायलाही, म्हणून घराची सारी घडी बदललेली आहे. स्वतःची झोप मोडली ती वडिलांनी.

आमच्यापैकी कित्येकांची दहावी बी.डी.डी. चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत झाली. आठ-नऊ माणसे, कोपऱ्यात मोरी, वर माळा. आम्ही गॅलरीत, गच्चीवर, जिन्याच्या दिव्याखाली वाचले. आज अनेक कुटुंबे इमारतींत राहावयास गेली, तरी जागेचा प्रश्न संपलेला नाही व त्यात मोबाइलची भर पडली आहे. एकाच खोलीत मालिका चालू असताना ‘तू अभ्यास कर’ म्हणण्याला अर्थ नसतो. मुलींच्या बाबतीत तर दुहेरी अडचण. मुलगा पुस्तक घेऊन बसला की त्याला कोणी उठवीत नाही. मुलगी बसली की पाणी आले, भाकऱ्या टाकायच्या आहेत, धाकट्याला घे. अभ्यासिकेत मुली येऊ लागल्या तेव्हा आम्ही वेळ संध्याकाळी सात ते दहा ठेवली होती व मुली आठलाच उठून जात. कारण विचारले तर मान खाली घालून उभ्या राहत. शेवटी संस्थेच्या महिला सभासद घरोघर जाऊन बसल्या आणि उलगडा झाला, स्वयंपाकाची वेळ आणि आमची वेळ एकच होती. मुलींसाठी पहाटे साडेपाच ते आठ अशी दुसरी वेळ ठेवली. आज सकाळची हजेरी संध्याकाळपेक्षा अधिक असते.

एक कबुली येथेच देऊन टाकतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये लग्नाच्या वराती व मंडपांच्या आवाजाविरुद्ध आपण तक्रार करतो. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकास बंदी असल्याचा २००० सालचा नियम आपण इतरांना दाखवतो. परंतु एके वर्षी आपल्याच संस्थेने परीक्षेच्या ऐन आठवड्यात गाण्यांचा कार्यक्रम ठेवला आणि तो साडेअकरापर्यंत चालला. दुसऱ्या दिवशी विज्ञानाचा पेपर होता. तारीख ठरविताना कोणाच्याच ते ध्यानात आले नाही. तेव्हापासून मंडळाचे वेळापत्रक आल्याशिवाय त्या दोन महिन्यांतील कार्यक्रमांच्या तारखा ठरत नाहीत. वेळापत्रकही हल्ली पुढे-मागे होते, २०२५ साली परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली होती.

परीक्षेच्या दिवसांविषयी थोडेसेच. ८० गुणांना तीन तास, म्हणजे एका गुणास सव्वादोन मिनिटे. पाच गुणांच्या उत्तरावर अर्धा तास घालविणारा मुलगा शेवटचा प्रश्न सोडून येतो. हे टाळण्यासाठी जानेवारीत घड्याळ लावून किमान पाच-सहा प्रश्नपत्रिका पूर्ण सोडवाव्यात. पूर्वी प्रश्नपत्रिका वाचावयास आधी दहा मिनिटे मिळत. २०२३ पासून ती पद्धत बंद होऊन दहा मिनिटे शेवटी वाढवून दिली जातात. मोठ्या भावंडांनी जुनी माहिती देऊन घोटाळा करू नये.

याहून महत्त्वाची गोष्ट निकालानंतरची आहे. काही वर्षांपूर्वी आपल्याच वस्तीतील एक मुलगी एका विषयात, गणितात, थोडक्या गुणांनी राहिली. घरच्यांनी तिला कामाला लावले व पुढच्याच वर्षी तिचे लग्न झाले. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी त्याच उन्हाळ्याअखेर पुरवणी परीक्षा असते, आणि एक किंवा दोन विषय राहिले तरी ए.टी.के.टी.च्या सवलतीने अकरावीत प्रवेश मिळू शकतो, हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हते. त्यांच्या डोक्यात जुनी ऑक्टोबरची परीक्षा होती. २०१५ पासून ही परीक्षा जुलैच्या सुमारास होते व वर्ष वाया जात नाही. आम्हाला ते माहीत होते. पण तिच्या घरी जाऊन सांगणारा आमच्यापैकी कोणी नव्हता, कारण त्या आठवड्यात आम्ही सत्काराच्या तयारीत होतो. आता निकालाच्या दिवशी दोन कार्यकर्ते फक्त राहिलेल्या मुलांच्या घरी जातात. गुण अनपेक्षितपणे कमी वाटले तर गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत व पुनर्मूल्यांकन यांसाठी ठरावीक मुदतीत अर्ज करता येतो, हेही सांगतात. शाळा मध्येच सुटलेल्यांसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसण्याची सोय आहे. गेल्या खेपेस एका तीस वर्षांच्या गृहिणीने तो भरला, तिच्या मुलाचे पुस्तक घेऊन ती आमच्याकडे सकाळी बसत असे.

फॉर्म भरताना नाव, आईचे नाव, जन्मतारीख व जातीची नोंद शाळेच्या रजिस्टरप्रमाणे बरोबर आहे ना, हे पालकांनी स्वतः वाचून पाहावे. वाचता येत नसेल तर अभ्यासिकेत आणावे. एका अक्षराच्या चुकीपायी पुढे शिष्यवृत्तीच्या वेळी व जातपडताळणीत किती हेलपाटे पडतात, हे आपल्यातील अनेकांनी भोगले आहे.

अभ्यासिका विहाराच्या वरच्या मजल्यावर सकाळी साडेपाच ते आठ व संध्याकाळी सात ते दहा चालू असते. शुल्क नाही. सहावी ते दहावीची जुनी पाठ्यपुस्तके, कंपासपेट्या व भिंतीवरील नकाशे हवे आहेत. रविवारी सकाळी दोन तास सातवीचे गणित शिकवू शकतील अशा सभासदांनी चिटणीसांकडे नाव द्यावे, सध्या तिघेच आहेत आणि मुले चाळीसच्या वर.