घरची विहीर आणि पाटाचे पाणी : संमिश्र क्लाऊडची ओळख

विद्यार्थ्यांच्या पुष्कळशा नोंदी आता शिक्षकांना संगणकावर भराव्या लागतात. भरलेली नोंद 'क्लाऊडवर गेली' असे आपण म्हणतो. परंतु ती आकाशात जात नाही. कोठल्या तरी इमारतीत, अखंड वीज व गारवा पुरविलेल्या दालनात रांगेने मांडलेल्या संगणकांवर ती साठविली जाते. अशा इमारतीस डेटा सेंटर म्हणतात.

काही संस्था हे केंद्र स्वतः बांधतात. काही दुसऱ्याचे केंद्र भाड्याने वापरतात. घरची विहीर असूनही शेतकरी उन्हाळ्यात पाणीपट्टी भरून पाटाचे पाणी घेतो, तद्वत् जी संस्था दोहोंचा मेळ घालते तिची व्यवस्था 'संमिश्र' किंवा हायब्रिड क्लाऊड होय. मात्र दोन्ही केंद्रे वेगळी असली तरी एकाच पद्धतीने जोडलेली हवीत, म्हणजे काम इकडून तिकडे नेता येते. निकालाच्या दिवशी लाखो लोक एकदम चौकशी करतात. त्या एका दिवसासाठी यंत्रे विकत घेतल्यास ती वर्षभर पडून राहतील. म्हणून गोपनीय नोंदी घरच्या केंद्रात ठेवाव्यात आणि वाढीव भार तेवढा भाड्याच्या केंद्रावर द्यावा, अशी ही योजना असते.

जिनिव्हाजवळील 'सर्न' ही अणुसंशोधन संस्था याचे चांगले उदाहरण आहे. तिने २०१३ पासून आपल्या केंद्रात 'ओपनस्टॅक' ही मुक्त प्रणाली वापरात आणली. ही प्रणाली एका मोठ्या यंत्राचे अनेक आभासी संगणक करून मागणीप्रमाणे वाटून देते. पुढे २०१६ ते २०१८ या काळात सर्नने इतर युरोपीय संशोधनसंस्थांसह खाजगी कंपन्यांची सेवा आपल्या केंद्रांस जोडण्याचा प्रयोग केला.

तथापि केंद्र घरचे असले म्हणजे नोंद सुरक्षित झाली, असे नव्हे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथे सरकारी डेटा सेंटरला आग लागली. 'जी-ड्राइव्ह' या साठ्यात सरकारी नोकरांची ८५८ टेराबाइट कागदपत्रे होती. साठा फार मोठा म्हणून त्याची दुसरीकडे प्रत ठेवलेली नव्हती. ती सर्व नष्ट झाली. भाड्याचे केंद्रही याला अपवाद नाही. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथील अशा एका केंद्रास आग लागली, तेव्हा अन्यत्र प्रत न ठेवलेल्या अनेक ग्राहकांच्या नोंदी गेल्या. दोन केंद्रे असण्याचा खरा लाभ एकातील नोंदीची प्रत दुसऱ्यात ठेवली तरच मिळतो.

शाळेचे जनरल रजिस्टर आपण कुलपात का ठेवतो? त्यातील जन्मतारखेवर एखाद्या मुलाचे पुढील आयुष्य अवलंबून असते म्हणून. संगणकावरील नोंदीचेही तेच महत्त्व आहे. म्हणून कोणतीही नोंद भरावयास सांगितल्यास शिक्षकांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : ही नोंद कोणाच्या केंद्रात राहील? आणि तिची दुसरी प्रत कोठे असेल?