वीस मिलिमीटरचं भोक

गेल्या वर्षी निपाणीचा भाचा एक ड्रॉइंग घेऊन उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये आला. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मित्रांसोबत फॉर्म्युला स्टुडंटची गाडी बनवतोय. म्हणाला, "मामा, हा चाकाचा हब. लेथ घरचा, म्हणजे फुकटच की!"

नियम वाचले तेव्हा कळलं, तिथं हा हिशेब चालत नाही. पार्ट कुणी भेट दिला किंवा घरी केला, तरी माल आणि मशीनचा वेळ यांची किंमत मांडावीच लागते. एकूण १००० गुणांपैकी १०० खर्च आणि उत्पादनाच्या अभ्यासाला आहेत.

आपल्याकडची 'फॉर्म्युला भारत' कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होते. हा ट्रॅक ज्यांच्या नावाचा, त्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन वापरून फॉर्म्युला मारुती गाड्या तयार केल्या. सगळ्यांना सारखीच गाडी, त्यामुळे खर्च आटोक्यात आणि कस लागायचा तो ड्रायव्हरचा. पण विद्यार्थ्यांना तर गाडी बनवायलाच शिकायचं असतं.

म्हणून त्यांच्या नियमात वेगळी युक्ती आहे. इंजिन ७१० सीसीपर्यंत कुठलंही घ्या. मात्र पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच भोकातून गेली पाहिजे. तिथं हवेने आवाजाचा वेग गाठला की इंजिनाने कितीही ओढलं तरी जास्त हवा मिळत नाही. त्यामुळे महागड्या मोठ्या इंजिनाचा फायदा आटतो आणि चाकणला बनलेलं केटीएमचं ३७३ सीसी इंजिनही लढतीत राहतं. कुस्तीच्या स्पर्धेत वजनगट ठरलेला असतो, डाव ज्याचा त्याचा. तसंच हे.

अर्थात पैशाची सगळी दारं बंद होत नाहीत. ज्याच्याकडे टायर जास्त, त्याचा सराव जास्त. म्हणून जिथं आपला हात चालतो, तिथं तरी वाया घालवू नये.

भाच्याच्या ड्रॉइंगप्रमाणे निम्म्याहून जास्त ॲल्युमिनियम चिप्स होऊन खाली पडणार होतं. मी विचारलं, "दाजींनी तंबाखू विकून वर्गणी भरलीय ना? मग हे पैसे कुणाचे पडतायत?" तो गप्प बसला. दोन दिवसांनी नवं ड्रॉइंग घेऊन आला. फ्लँज वेगळा करून बोल्टने जोडलेला, रॉड कमी व्यासाचा. बोल्ट सैल पडणार नाहीत ना, याचं गणितही सोबत होतं.

मी लेथ सुरू केला. मशीनचा वेळ त्याने वहीत लिहून घेतला.