किडनी बिघडली, पण कशानं?

पांढरकवड्याच्या बाजारात आपण सहज म्हणतो, "तिची किडनी गेली." कशानं गेली, हे मात्र कुणी विचारत नाही. औषध तर त्यावरच ठरतं.

रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं, की किडनीचं काम मंदावलंय एवढंच कळतं. आजार कोणता, ते कळत नाही. शिवाय क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. म्हणून वाळलेल्या अंगाच्या बाईचा आकडा ठीक दिसला, तरी किडनी बरीच थकलेली असू शकते.

मग कारण शोधायचं. साखरेचा आजार जुना असेल, तर पहिला संशय त्यावर. सांधे दुखतात, चेहऱ्यावर चट्टे आहेत, तर एएनए तपासणी. त्यातून ल्युपसचा माग लागतो. पाय सुजतात, लघवीला खूप फेस येतो, तर पीएलए-टू-आर तपासणी. तिच्यामागचा शोध २००९ सालचा. ती पॉझिटिव्ह आली, तर मेम्ब्रेनस नावाचा आजार बहुतेक पक्का. अनेकदा सुईनं किडनीचा तुकडा काढावा लागत नाही. निगेटिव्ह आली, तरी तो आजार नाहीच असं नसतं.

म्हणून आपण डॉक्टरांना दोन्ही विचारू: किडनी किती चालते, आणि बिघडली कशानं? कापूस वेचून अंग दुखलं की दुकानातून आणलेल्या गोळ्यांची नावंही सांगू. त्या गोळ्या किडनीला इजा करू शकतात, आणि या तपासण्यांत त्या दिसत नाहीत.