माहिती चौकट : हावड्याच्या काठावर नागपूरचा भगवा

नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज १७४२ साली भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालमध्ये उतरली आणि हुगळी घेतल्यावर नदीचा पश्चिम काठ, म्हणजे आजच्या हावड्याची बाजू, त्यांच्या कबजात आली. पलीकडे घाबरलेल्या कलकत्त्याने खोदायला घेतलेला ‘मराठा खंदक’ अर्धवटच राहिला. गावेच्या गावे लुटली गेली. बंगाली आया आजही मुलांना निजवताना ‘बर्गी’, म्हणजे हे मराठा स्वार, आल्याचे गातात, आणि ते दुःख मराठी वाचकानेही आपल्या इतिहासात मोजले पाहिजे. १७५१च्या तहाने ओडिशा आणि सालाना बारा लाखांची चौथाई भोसल्यांना मिळाली; सीमा ठरली सुवर्णरेखा नदी.

पुढची गोष्ट मात्र चटका लावणारी. तिसरे रघूजी १८५३च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नाकारून १८५४ मध्ये राज्य खालसा केले, आणि राजवाड्यातील जडजवाहीर लिलावासाठी गेले ते कलकत्त्यालाच!

म्हणूनच १८७७च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने संस्थानिकांना रेशमी निशाणे वाटली, तेव्हा शिंदे, होळकर, गायकवाड होते. राज्य म्हणून नागपूर उरलेच नव्हते. त्या निशाणांवरची बोधचिन्हे बंगालच्या मुलकी सेवेतील रॉबर्ट टेलरने युरोपीय पद्धतीने रेखाटली होती. ग्वाल्हेरच्या वाट्याला नाग आले. भगव्याखाली वाढलेल्या घराण्यांना आपले चिन्ह परक्या अधिकाऱ्याकडून घ्यावे लागले.

नागपूरचे नाव हावड्यात पुन्हा आले ते १९०० साली, बंगाल-नागपूर रेल्वेच्या गाड्यांवर.