डिग्री लागली म्हणजे दूध शुद्ध?

कोजागरीला पुण्याच्या गणेश पेठेतल्या दूधभट्टीवर भाव चढतो आणि त्याबरोबर गिऱ्हाइकाचा संशयही. मग कुणीतरी काचेचा लॅक्टोमीटर दुधात सोडतं, आकडा ३० च्या आसपास स्थिरावतो आणि निकाल जाहीर होतो: दूध शुद्ध!

निकाल जरा घाईचाच. लॅक्टोमीटर शुद्धता मोजत नाही, फक्त घनता मोजतो. ३० डिग्री म्हणजे दूध पाण्याच्या १.०३० पट जड. पाणी घातलं की डिग्री उतरते, इथवर समज बरोबर आहे. पण दुधातली चरबी पाण्याहून हलकी असते. तिची घनता साधारण ०.९३. त्यामुळे मलई काढून घेतली की उरलेलं दूध आणखी जड होतं आणि डिग्री ३६ च्या घरात जाते. आता अशा १०० लिटर दुधात २० लिटर पाणी ओता. लॅक्टोमीटर पुन्हा ३० दाखवेल! दोन चोऱ्या एकमेकींना झाकतात. शिवाय साखर, मीठ किंवा युरिया विरघळवूनही उतरलेली डिग्री चढवता येते.

‘दाट दूध जड असतं’ हाही असाच एक समज. साय दुधाहून कितीतरी दाट असते, तरी वरच तरंगते.

उलट बाजूने गवळ्यावर अन्यायही होतो. नुकत्याच काढलेल्या दुधाची डिग्री किंचित कमी लागते आणि काही तासांनी ती वाढते. दूध कोमट असलं तरी आकडा उतरतो, फ्रिजमधलं असलं तर चढतो; लॅक्टोमीटर ज्या तापमानासाठी बनवलेला असतो, त्यालाच तो खरा. तेव्हा डिग्री कमी म्हणजे पाणी घातलंच, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

म्हणूनच संकलन केंद्रांवर नुसत्या डिग्रीवर भागत नाही, फॅटही काढतात. जुन्या गर्बर पद्धतीत सल्फ्युरिक आम्लाने प्रथिनं विरघळवून, नळी यंत्रात गरगर फिरवून चरबी वेगळी करतात. फॅट आणि डिग्री हाती आली की एसएनएफ, म्हणजे चरबी सोडून उरलेले घन पदार्थ, सूत्राने निघतात. मलई काढलेली इथे लपत नाही.

लक्ष्मी रोडवरच्या सोन्याचंही तसंच. २० ग्रॅम चोख सोनं पाण्यात बुडवून तोललं तर साधारण १.०४ ग्रॅमने हलकं भरतं. २२ कॅरेटचं १.१ ग्रॅमहून थोडं जास्त. कसोटी चांगली, पण भरीव आणि बिनखड्यांच्या दागिन्यापुरती. लाख भरलेल्या किंवा पोकळ दागिन्यात ती फसते. शिवाय सोन्याची घनता १९.३ आणि टंगस्टनची १९.२५, एवढा फरक घरच्या काट्यावर कळणं कठीण.

तेव्हा दागिना घेताना त्यावरचा सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, बीआयएस केअर ॲपवर तपासा. आणि दुधाबद्दल शंका असेल, तर डिग्रीबरोबर फॅट किती लागली हेही विचारा.