बुटकी रोपं उपटू नका

कोलियसची फांदी लावली की हुबेहूब आईसारखं रोप येतं. बियांचं तसं नाही. मिश्र रंगांच्या एकाच पाकिटातून कुणी किरमिजी, कुणी पोपटी काठाचं, कुणी जांभळ्या शिरांचं अशी भावंडं निघतात. घरी बी पेरायचं ते या गंमतीसाठी. स्वस्तात रोप हवं असेल तर शेजाऱ्यांकडून एक फांदी मागून आणलेली बरी.

कोलियस आपल्या तुळशीच्या भाऊबंदांपैकी. चौकोनी खोड आणि मंजिऱ्या पाहिल्या की नातं पटतं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1763 मध्ये त्याला चक्क तुळशीच्याच प्रजातीत बसवलं होतं. पानओवा तर त्याहून जवळचा.

बी खसखशीएवढं, एका ग्रॅममध्ये साधारण साडेतीन हजार दाणे. फसगत होते ती पेरतानाच, कारण सवयीने आपण वर मातीचा थर देतो. या बियांना रुजायला उजेड लागतो. ओलसर कोकोपीटमध्ये थोडं चाळलेलं गांडूळखत मिसळावं, बी कोरड्या बारीक वाळूत कालवून वरून भुरभुरावं आणि तळहाताने नुसतं दाबावं. मिठाईचा पारदर्शक डबा, खाली भोकं पाडून, या कामाला उत्तम. झाकण लावून उजेडात ठेवावा, पण थेट उन्हात नको. हवा 22-25 अंशांची असेल तर आठ-पंधरा दिवसांत हिरवे ठिपके दिसू लागतात. मग झाकण किलकिलं करावं. पाणी वरून न ओतता डबा पाण्याच्या ताटलीत टेकवावा. नाहीतर मर लागते आणि काल उभी असलेली रोपं सकाळी आडवी होतात. ऐन पावसाळ्यात हे फार होतं, म्हणून पेरणी गणपती गेल्यावर करावी.

पहिली दोन पानं बहुधा हिरवीच असतात, हिरमुसू नका. खरे रंग त्यानंतरच्या पानांवर चढतात. आता विरळणी. भाजीच्या वाफ्यात आपण जोमदार रोपं ठेवतो, बारकी काढून टाकतो. इथे तोच नियम लावला की डब्यात हिरवी-हिरवीच उरतात. ज्या पानांत हरितद्रव्य कमी, तिथे लाल-गुलाबी रंग उठून दिसतो. पण अन्न तयार करणारं हरितद्रव्यच कमी म्हटल्यावर ते रोप सावकाश वाढणार. सगळ्यात देखणं रोप पुष्कळदा ओळीतलं सगळ्यात बुटकं असतं. त्याला आणखी दोन-तीन आठवडे द्यायला काय हरकत आहे?

रोप वीतभर झालं की शेंडा खुडावा, मंजिऱ्याही दिसतील तशा काढाव्यात. म्हणजे झाड पसरतं. सकाळचं कोवळं ऊन मानवतं, दुपारच्या उन्हात पानं करपतात. एखादा रंग फार आवडला तर त्याचं बी धरून उपयोग नाही, पुढची पिढी पुन्हा वेगळीच निघेल. बोटभर फांदी खालची पानं काढून पाण्याच्या पेल्यात ठेवा, पाणी अधूनमधून बदला. दोनेक आठवड्यांत मुळ्या फुटल्या की कुंडीत लावा.