पॉमेरियन घरी आणण्यापूर्वी

कोल्ह्यासारखे निमुळते तोंड, टोकदार उभे कान, पाठीवर वळलेली झुपकेदार शेपूट आणि अंगभर मऊ, दाट केस. सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबाने कुत्रा पाळायचे ठरवले की सर्वप्रथम डोळ्यांसमोर येते ते हेच रूप. जागा कमी लागते, खाणे थोडे असते, मुलांना उचलून घेता येते, अशी कारणे त्यासाठी सांगितली जातात. ती खोटी नाहीत. परंतु अपुरी आहेत. ज्या दोन गोष्टींमुळे हा कुत्रा आपल्याला भावतो, त्या म्हणजे त्याचा लहान आकार आणि त्याचे भरगच्च केस, त्यांतूनच त्याच्या बहुतेक गरजा आणि बहुतेक आजार निर्माण होतात. हे आधी समजून घेतले, तर पुढची बारा ते सोळा वर्षे त्याला आणि आपल्यालाही सुखाची जातात.

नाव एक, कुत्रे दोन

पॉमेरेनिया हा बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील प्रदेश. आज तो पोलंड व जर्मनी या दोन देशांत विभागलेला आहे. तेथील स्पिट्झ कुळातील कुत्रे आजच्या पॉमेरेनियनपेक्षा पुष्कळच मोठे होते. इंग्लंडची राणी शार्लट हिने १७६७ मध्ये असे दोन कुत्रे आणवले. थॉमस गेन्सबरो या चित्रकाराने सुमारे १७७७ मध्ये रंगवलेल्या चित्रातील पॉमेरेनियन पाहिला, तर तो मांडीवर बसणारा प्राणी नव्हता हे लगेच लक्षात येते. १८८८ मध्ये राणी व्हिक्टोरियाने इटलीतील फ्लॉरेन्सहून लहान चणीचा 'मार्को' आणला. तिने लहान कुत्र्यांच्या पैदाशीचा पुरस्कार केला आणि जातीचा आकार झपाट्याने घटत गेला. आज प्रमाणित पॉमेरेनियनचे वजन साधारणपणे दीड ते सव्वातीन किलो असते.

आपल्याकडे मात्र घरोघरी 'पॉमेरियन' म्हणून ओळखला जाणारा पांढराशुभ्र कुत्रा बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. ब्रिटिशांच्या काळात येथे आलेल्या स्पिट्झ कुत्र्यांपासून तो तयार झाला. 'हम आपके हैं कौन' या १९९४ मधील चित्रपटातला टफी याच जातीचा. इंडियन स्पिट्झ वजनाने सहसा पॉमेरेनियनच्या दुपटीहून अधिक भरतो, त्याचे तोंड अधिक लांब असते आणि आपल्या हवामानात तो कितीतरी चांगला टिकतो. स्वभावाने दोन्ही हुशार, जागरूक आणि माणसांचे वेड असलेले; मात्र दोन्ही भुंकण्यात मागे नाहीत.

हा फरक जाणून घेणे खिशाच्याही हिताचे आहे. बाजारात 'मिनी', 'टॉय', 'टीकप', 'कल्चर' अशी विशेषणे लावून दर वाढवले जातात. 'टीकप' अशी कोणतीही मान्यताप्राप्त उपजात नाही. अतिशय लहान पिलू हे पुष्कळदा अशक्त असते किंवा आईपासून फार लवकर तोडलेले असते.

पिलू निवडताना

केंद्र सरकारने २०१७ मध्ये केलेल्या श्वानपैदास व विक्रीविषयक नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिलू विकता येत नाही. नोंदणीचा दाखला मागण्यात संकोच करू नये. आठ आठवड्यांची अट केवळ कागदोपत्री नाही. आई आणि भावंडांच्या सहवासातच पिलू चावण्यावर ताबा ठेवायला आणि इतर कुत्र्यांशी वागायला शिकते.

पिलू जेथे वाढले ती जागा आणि त्याची आई प्रत्यक्ष पाहावी. आई भेदरलेली, रोडावलेली असेल किंवा ती दाखवण्यासच टाळाटाळ होत असेल, तर तेथून परत फिरावे. निरोगी पिलाचे डोळे स्वच्छ, नाक न वाहणारे, कानांना दुर्गंधी नसलेली आणि शेपटीखालचा भाग स्वच्छ असतो. चालताना ते लंगडत नाही. दिलेल्या लसींची नोंद असलेले पुस्तक सोबत घ्यावे.

पिलूच हवे, हा आग्रहही तपासून पाहावा. घर बदलले, परदेशी जायचे झाले, बाळ झाले, अशा कारणांनी सोडून दिलेले मोठे स्पिट्झ आणि पॉमेरेनियन प्राणिसंस्थांकडे येत असतात. दिवसभर घर बंद ठेवणाऱ्या नोकरदार जोडप्याला पिलापेक्षा शी-शूची सवय लागलेला, स्वभाव कळलेला प्रौढ कुत्रा अधिक सोयीचा ठरतो.

केस : शोभा आणि संरक्षण

या कुत्र्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आत मऊ, दाट लव आणि बाहेर लांब, सरळ, काहीसे राठ केस. आतली लव वर्षातून एकदा-दोनदा मोठ्या प्रमाणात गळते. त्या काळात सोफा, चादरी, काळी पँट, सगळीकडे केस दिसणार हे गृहीत धरावे. आठवड्यातून तीन-चार वेळा मुळापासून केस विंचरले नाहीत, तर कानांमागे, काखेत आणि मागच्या पायांवर गुंते होतात. वरवर केस मोकळे दिसले तरी आत जटा असू शकतात, म्हणून हाताने केस बाजूला सारून थोडे थोडे विंचरावे.

उन्हाळा आला की कुत्र्याला बरे वाटावे म्हणून सरसकट केस भादरण्याची पद्धत पडली आहे. ती टाळावी. बाहेरचा थर उन्हापासून त्वचेचे रक्षण करतो. शिवाय पॉमेरेनियनसारख्या जातींत मुळाशी कापलेले केस पुन्हा नीट न येण्याचा, ठिकठिकाणी टक्कल राहण्याचा धोका खराखुरा आहे. तळपायाच्या बोटांमधले आणि शेपटीखालचे केस कातरणे पुरेसे असते.

आंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरते, तीही कुत्र्यांच्या शाम्पूने. आपला साबण त्यांची त्वचा कोरडी करतो. खरे काम पुढे असते. केस मुळापर्यंत सुकलेच पाहिजेत. पावसाळ्यात ओलसर लवेखाली बुरशीचा संसर्ग फार लवकर होतो.

उन्हाळ्याची परीक्षा

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो प्रामुख्याने धापा टाकून, जिभेवरील व श्वसनमार्गातील ओलाव्याच्या बाष्पीभवनाने शरीर थंड करतो. मुंबईच्या दमट हवेत हे बाष्पीभवन मंदावते. विदर्भात हवाच शरीरापेक्षा गरम होते. दोन्हीकडे परिणाम एकच. म्हणून उन्हाळ्यात फिरणे सकाळी लवकर आणि सूर्यास्तानंतर उशिरा. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता येत नसेल, तर तो रस्ता त्याच्या पायांनाही पोळतो. बंद मोटारीत 'पाच मिनिटांसाठी' देखील त्याला ठेवू नये. अविरत धाप, लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी त्याला सावलीत नेऊन साध्या थंड पाण्याने अंग भिजवावे, पंखा लावावा आणि त्याच वेळी डॉक्टरांकडे निघावे.

लहान शरीराच्या अडचणी

लहान कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते. गळपट्टा ओढला गेल्याने ती दबते आणि बदकाच्या आवाजासारखा कोरडा खोकला सुरू होतो. त्यामुळे फिरवताना छातीवरून येणारा हार्नेस वापरावा. मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी सरकणे हा दुसरा नेहमीचा त्रास. चालता चालता एक पाय उचलून दोन-चार उड्या मारणे आणि पुन्हा नीट चालणे, हे त्याचे पहिले लक्षण. गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरणे, पलंगावरून उड्या मारू न देणे आणि वजन आटोक्यात ठेवणे यांनी बरेच साधते.

वजनाचा हिशेब डोळ्यांत अंजन घालणारा आहे. अडीच किलोच्या कुत्र्याचे वजन अर्ध्या किलोने वाढणे म्हणजे साठ किलोच्या माणसाचे बारा किलोंनी वाढणे. 'एक बिस्कीट' त्याच्यासाठी एक नसते. पोळी-दूध हा आहारही त्याला पुरत नाही. त्यातून पुरेशी प्रथिने मिळत नाहीत आणि अनेक कुत्र्यांना दुधाने जुलाब होतात. कांदा-लसणाची फोडणी, चॉकलेट, द्राक्षे आणि शिऱ्यातले बेदाणे हे त्याच्यासाठी विषारी आहेत. अगदी लहान पिलाला दिवसातून चार वेळा खायला द्यावे, कारण उपाशीपोटी त्याच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते.

मोठ्या कुत्र्याइतकेच बेचाळीस दात या इवल्याशा जबड्यात दाटीवाटीने बसतात. त्यामुळे कीटण साचते, हिरड्या सुजतात, दात लवकर पडतात. लहानपणापासून कुत्र्यांच्या टूथपेस्टने दात घासण्याची सवय लावावी. सात महिन्यांनंतरही दुधाचे दात पडले नसतील तर ते डॉक्टरांना दाखवावेत.

डॉक्टर आणि शेजारी

पहिल्या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि सोळा आठवड्यांपर्यंत त्यांची मालिका पूर्ण करावी लागते. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यापासून व पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित. दाट केसांत गोचीड सहज लपते. ताप, मरगळ, फिकट हिरड्या दिसल्यास गोचीड तापाची रक्ततपासणी करून घ्यावी. तो वेळेवर कळल्यास बरा होतो. माणसाची वेदनाशामक गोळी मात्र कुत्र्याला कधीही देऊ नये. मादी असेल तर नसबंदीविषयी लवकर विचारावे. त्यामुळे उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो.

भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. पण हक्कासोबत कर्तव्यही येते. महापालिकेचा परवाना काढणे, जिन्यात व लिफ्टमध्ये दोरी हातात ठेवणे, विष्ठा उचलणे आणि भुंकण्याला वळण लावणे हे पाळणाऱ्याचे काम आहे. एकटा पडलेला, कंटाळलेला कुत्रा अधिक भुंकतो. त्यावर ओरडण्यापेक्षा दोन वेळचे फिरणे आणि थोडा खेळ अधिक उपयोगी पडतो.

शेवटी एक साधी आकडेमोड करावी. आज पाचवीतल्या मुलाच्या हट्टाखातर आणलेले पिलू, तो मुलगा नोकरीला लागेल तेव्हाही घरात असेल. त्या वेळी कदाचित त्याचे दात पडलेले असतील, डोळ्यांत मोतीबिंदू असेल आणि रात्री त्याला उचलून बाहेर न्यावे लागेल. ते कोण करणार, याचे उत्तर घरातल्या मोठ्या माणसांकडे तयार असेल, तरच दारात पिलू आणावे.